उसिक हेवीवेटमध्ये सातवा, पहिल्या तिघांत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकला हेवीवेट मुष्टियुद्धाच्या इतिहासात कुठे बसवायचं, यावर आपल्या क्रीडा पानावरच्या वाचकपत्रांत सध्या चांगलीच जुंपली आहे. एक बाजू त्याला महंमद अली आणि जो लुई यांच्या शेजारी नेऊन बसवते. दुसरी बाजू विचारते, ज्याच्या हेवीवेटमधल्या लढती दोन हातांच्या बोटांवर मावतात त्याचं नाव पहिल्या वीसांत तरी कशाला? पत्रांत आवेश भरपूर आहे, पण क्रम कशावरून लावला हे कुणीच सांगत नाही. म्हणून आधी माझा निकाल सांगतो, मग त्यामागचा हिशेब. हेवीवेटमध्ये उसिक सातवा. अली, जो लुई, लॅरी होम्स, लेनॉक्स लुईस, जॉर्ज फोरमन आणि इव्हँडर होलीफील्ड हे सहा जण त्याच्या पुढे; रॉकी मार्सियानो, जो फ्रेझर आणि माइक टायसन त्याच्या मागे. क्रूझरवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटात, मात्र तो पहिला. हा हिशेब १९ जुलै २०२५च्या वेम्बलीतल्या लढतीपर्यंतचा, म्हणजे २४ लढती, २४ विजय आणि त्यांतले १५ नॉकआउट, एवढ्यावर बेतलेला आहे.

वादातला पहिला घोळ असा की दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. ‘कोण थोर?’ हा एक, आणि ‘दोघं समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं?’ हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि त्यात वजनाचा प्रश्न तर फारच फसवा आहे. १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटला पाडून विजेता झालेला मार्सियानो त्या लढतीला १८४ पौंड, म्हणजे साधारण साडेत्र्याऐंशी किलो भरला होता. क्रूझरवेटची आजची कमाल मर्यादा २०० पौंड आहे. म्हणजे मार्सियानो आज हेवीवेटमध्ये उतरलाच नसता. जो लुईसुद्धा ऐन भरात या २०० पौंडांच्या आतबाहेरच होता. तरीही जुने लोक दांडग्या देहापुढे टिकले नसते, असं म्हणायला आधार नाही. १९१९ मध्ये १८७ पौंडांच्या जॅक डेम्प्सीने २४५ पौंडांच्या, साडेसहा फुटी जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली बसवलं. लुईने १९३५ मध्ये २६० पौंडांच्या प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरीत संपवलं आणि १९४२ मध्ये २५० पौंडांच्या बडी बेअरला पहिल्या फेरीत. मात्र विलर्ड त्या लढतीआधी तीन वर्षं किताबासाठी उतरलाच नव्हता आणि कार्नेरा कौशल्यात कच्चा होता. उसिकसमोर आलेला टायसन फ्युरी कच्चा नव्हता. हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

तेव्हा पहिल्याच प्रश्नाला धरून राहू. क्रिकेटच्या वादात ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी तरी हाताशी असते. मुष्टियुद्धात तसा एक आकडा नाही, म्हणून कसोट्या आधी ठरवाव्या लागतात. मी चार बघतो आणि त्याच क्रमाने बघतो. कुणाला हरवलं? त्या दिवशी तो प्रतिस्पर्धी कोणत्या वयाचा आणि कोणत्या तब्येतीत होता? लढत कुठे झाली आणि किती स्पष्ट जिंकली? आणि हे सगळं किती वर्षं, किती वेळा केलं? पहिल्या तीन कसोट्यांत उसिक अव्वल उतरतो. चौथीत त्याचे गुण कापले जातात, आणि त्याचा सातवा क्रमांक तिथेच ठरतो.

पराभवाच्या रकान्यातल्या शून्याला यात कुठेच जागा नाही, हे लक्षात आलं असेल. ती मुद्दाम दिलेली नाही. मार्सियानो ४९ लढतींत अपराजित राहिला. पण त्याने किताब जिंकला तेव्हा वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. त्याआधी १९५१ मध्ये ज्या जो लुईला त्याने पाडलं तो ३७ वर्षांचा आणि निवृत्तीतून परतलेला होता. १९५५ मधल्या शेवटच्या लढतीतला आर्ची मूर चाळिशीच्या आसपासचा आणि मुळात लाइट हेवीवेटचा विजेता. अलीच्या नावावर पाच पराभव आहेत, पण त्यांतले शेवटचे दोन, होम्सकडून १९८०चा आणि ट्रेव्हर बर्बिककडून १९८१चा, अनुक्रमे ३८व्या आणि ३९व्या वर्षी झाले. नुसतं शून्य पाहणारा वाचक मार्सियानोला अलीच्या वर बसवेल, आणि चुकेल. उसिकच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही ‘२४-०’ हा मुख्य पुरावा करू नये. त्याच्याकडे याहून भक्कम पुरावे आहेत.

त्यांतला पहिला क्रूझरवेटचा. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ९१ किलो गटाचं सुवर्ण उसिकने जिंकलं. वाटेत उपांत्यपूर्व फेरीत आर्तुर बेतरबिएव्हला हरवलं आणि अंतिम फेरीत इटलीच्या क्लेमेंते रुसोला, ज्याच्याकडून तो २००८ मध्ये बीजिंगला हरला होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये तो व्यावसायिक झाला. दहाव्याच लढतीत, सप्टेंबर २०१६ मध्ये, क्रिझ्टॉफ ग्लोवात्स्कीकडून किताब घेतला. ग्लोवात्स्की तोवर अपराजित होता आणि लढत त्याच्या देशात, पोलंडच्या ग्दान्स्कमध्ये झाली. पुढची यादी नीट वाचा. मार्को हुक जर्मनीतला, लढत बर्लिनमध्ये. मायरिस ब्रिएडिस लॅटव्हियाचा, लढत रिगामध्ये. मुरात गासिएव्ह रशियाचा, लढत मॉस्कोमध्ये. टोनी बेल्यू इंग्लंडचा, लढत मँचेस्टरमध्ये. एकही घरच्या मैदानावर नाही. ब्रिएडिस आणि गासिएव्ह दोघंही त्याच्यासमोर येईपर्यंत हरले नव्हते.

परक्या गावात जिंकण्याचं मोल वेगळं धरतो, त्याला कारण आहे. तीन पंच प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे मोजतात. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९. बाराच्या बारा फेऱ्या एकतर्फी क्वचितच असतात, बहुधा तीन-चार तरी अगदी अटीतटीच्या जातात. अशा फेरीत घरच्या माणसाचा हातमोज्यावर अडलेला ठोसाही हजारोंच्या जल्लोषामुळे लागल्यासारखा वाटतो, आणि पंचही माणसंच असतात. पाहुण्याला म्हणूनच फेरी उघडउघड जिंकावी लागते. रिगामध्ये उसिक ११५-११३, ११५-११३ आणि ११४-११४ असा जेमतेम सुटला. त्याला क्रूझरवेटमध्ये सगळ्यांत जास्त त्रास ब्रिएडिसने दिला. पण २१ जुलै २०१८ला मॉस्कोत गासिएव्हविरुद्ध एका पंचाने १२०-१०८ दिले, म्हणजे बाराही फेऱ्या उसिकच्या, आणि उरलेल्या दोघांनी ११९-१०९. चारही मुख्य संघटनांचे किताब एकत्र करणारा तो पहिला क्रूझरवेट ठरला, तेही अवघ्या पंधराव्या लढतीत. होलीफील्डने १९८८ मध्ये कार्लोस दे लेओनला हरवून हा गट एकछत्री केला होता, पण तेव्हा मर्यादा १९० पौंड होती आणि गट नवा, विरळ होता. ड्वाइट मुहम्मद कावीविरुद्धची १९८६ची त्याची पंधरा फेऱ्यांची लढत हा या गटातला एक उत्कृष्ट सामना आहे. तरी उसिकइतके ताजे, अपराजित विजेते एकापाठोपाठ एक, आणि त्यांच्याच अंगणात, होलीफील्डने या गटात हरवलेले नाहीत.

आता हेवीवेट. इथे उसिकची उंची ६ फूट ३ इंच आणि हातांचा पल्ला ७८ इंच. अँथनी जोशुआ ६ फूट ६ इंच, पल्ला ८२. फ्युरी ६ फूट ९ इंच, पल्ला ८५. सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम स्टेडियमवर जोशुआ २४० पौंड होता, उसिक २२१च्या थोडा वर. मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरी २६२, उसिक २२३.५. डिसेंबरच्या दुसऱ्या लढतीला फ्युरी कपड्यांसकट २८१ आणि उसिक २२६, म्हणजे ५५ पौंडांचा, जवळपास २५ किलोंचा फरक. जोशुआकडून किताब घेतला तेव्हा उसिक ३४ वर्षांचा होता आणि जोशुआ ३१चा. डॅनियल डुबॉइसला दुसऱ्यांदा पाडलं तेव्हा उसिक ३८चा आणि डुबॉइस २७चा. म्हणजे मार्सियानोच्या बाबतीत वय ज्या बाजूला झुकत होतं, त्याच्या नेमकं उलट. दुसऱ्या कसोटीत मी उसिकला वर धरतो ते यासाठी.

हे त्याला जमतं कसं, हेही सांगायला हवं, कारण ‘चपळ आहे’ एवढ्यावर बरेच जण थांबतात. उसिक डावखुऱ्या पवित्र्यात उभा राहतो, उजवा पाय पुढे. समोरचा उजव्या हाताचा असेल तर त्याचा डावा पाय पुढे असतो आणि दोघांचे पुढचे पाय एकमेकांना भिडतात. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो त्याचा मागचा हात मधोमध सरळ जातो आणि समोरच्याच्या मागच्या हाताला लांबचा फेरा पडतो. उसिक प्रत्येक फेरीत ही बाहेरची जागा मिळवण्यासाठी झगडतो. त्याचा उजवा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, निम्म्या वेळा मारण्यासाठी नसतोच. समोरच्याचा पुढचा हातमोजा थोपटून, दाबून, त्याची नजर अडवण्यासाठी असतो. त्यानंतर हूल: खांद्याची, गुडघ्याची, नुसत्या नजरेची. समोरचा प्रत्येक हुलीला थोडा हलतो, आणि सव्वाशे किलोंच्या माणसाला दर वेळी पाय पुन्हा रोवावे लागतात. ठोसा मारून झाला की उसिक त्याच रेषेत थांबत नाही, अर्ध्या पावलाने बाजूला सरकतो. समोरच्याला पुन्हा वळावं लागतं. सोबत डावा सरळ ठोसा पोटात. पहिल्या चार फेऱ्यांत या साऱ्याचा परिणाम दिसत नाही. आठव्या फेरीपासून दिसतो. जोशुआविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत, ऑगस्ट २०२२ मध्ये जेद्दाला, नववी फेरी जोशुआने बरगड्यांवर मारून गाजवली, आणि दहाव्यात उसिकने अशी काही झडप घातली की लढत तिथेच फिरली.

त्याचं दुबळेपणही याच शैलीत आहे. सुरुवातीला अंगावर येऊन दोरांकडे रेटणारा आणि पोटावर मारणारा प्रतिस्पर्धी त्याला आवडत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये डेरेक चिसोराने सुरुवातीच्या फेऱ्यांत हेच केलं आणि दोन पंचांच्या हिशेबात लढत ११५-११३ इतकी जवळ आली. ऑगस्ट २०२३ मध्ये व्रोत्सवाफला पाचव्या फेरीत डुबॉइसचा ठोसा पट्ट्याच्या रेषेवर लागला. रेफरीने तो नियमबाह्य ठरवला आणि उसिकला सावरायला वेळ मिळाला. हा निर्णय वादग्रस्त होता आणि राहील. त्या विजयाला मी पूर्ण गुण देत नाही. पण जुलै २०२५ मध्ये त्याच डुबॉइसला, तोही फिलिप हर्गोविच आणि जोशुआ यांना हरवून आलेला, उसिकने वेम्बलीवर पाचव्या फेरीत डाव्या हाताच्या ठोशाने झोपवलं, तेव्हा त्या वादाचं वजन बरंच उतरलं.

फ्युरीविरुद्धची पहिली लढत मात्र सगळ्या वादाच्या केंद्रस्थानी आहे, आणि तिचा जमाखर्च फार थोडे लोक मांडतात. चौथ्या ते सातव्या फेरीत फ्युरी स्पष्ट वरचढ होता; सहाव्यात त्याच्या अपरकटने, म्हणजे खालून वर मारलेल्या ठोशाने, उसिक हलला. आठव्यात उसिकने त्याचं नाक फोडलं. नवव्यात फ्युरी दोरांवर लडखडला, दोरांनीच त्याला उभं ठेवलं म्हणून रेफरीने आकडे मोजले, पडल्याचा एक गुण जादा गेला आणि ती फेरी १०-८ झाली. अंतिम गुण: एका पंचाचे उसिकला ११५-११२, दुसऱ्याचे उसिकला ११४-११३, तिसऱ्याचे फ्युरीला ११४-११३. आता नवव्या फेरीतला तो एक जादा गुण काढून पाहा. पहिला पंच ११५-११३ उसिक, दुसरा ११४-११४, तिसरा ११५-११३ फ्युरी. लढत बरोबरीत! म्हणजे लेनॉक्स लुईसनंतरचा पहिला निर्विवाद (सगळे मोठे किताब एकट्याकडे असलेला) हेवीवेट विजेता एका गुणावर ठरला. ‘फ्युरीला धुऊन काढलं’ असं लिहिणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडावं. आणि ‘फ्युरीच जिंकला होता’ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या लढतीचे गुण पाहावेत: तिन्ही पंच ११६-११२, म्हणजे प्रत्येकाच्या मते आठ फेऱ्या उसिकच्या.

लागलेल्या ठोशांची मोजणीही हेच सांगते. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या नोंदीनुसार पहिल्या लढतीत उसिकचे ४०७ पैकी १७० लागले, फ्युरीचे ४९६ पैकी १५७. दुसऱ्या लढतीत उसिकचे ४२३ पैकी १७९, फ्युरीचे ५०९ पैकी १४४. १३ ठोशांची आघाडी ३५वर गेली. पण या आकड्यांवर फार विसंबू नये. रिंगच्या कडेला दोन माणसं बसतात, प्रत्येक जण एका मुष्टियोद्ध्यावर डोळा ठेवून कळा दाबतो. कपाळाला घासून गेलेला आणि हनुवटीवर बसलेला ठोसा यांत जोराचा फरक या यादीत उमटत नाही.

आता विरुद्ध बाजू, आणि ती हलकी नाही. उसिकने हेवीवेटमध्ये आठ लढती केल्या, प्रतिस्पर्धी फक्त पाच: चॅझ विदरस्पून, चिसोरा, जोशुआ, डुबॉइस आणि फ्युरी. किताबाच्या सहा लढती, त्या तीनच माणसांशी. जो लुईने १९३७ ते १९४९ या काळात २५ वेळा किताब राखला. होम्सने २० वेळा. डिऑन्टे वाइल्डर, जोसेफ पार्कर, झांग झिलेई, अगित कबायेल यांच्यापैकी कुणाशी उसिकची गाठ पडली नाही. शिवाय समोर आलेल्या तिघांनाही आधीचे तडे होते. जोशुआला जून २०१९ मध्ये अँडी रुइझने पाडलं होतं. डुबॉइस २०२० मध्ये जो जॉइसकडून हरला होता. फ्युरी वाइल्डरविरुद्धच्या तिसऱ्या लढतीत चौथ्या फेरीत दोनदा खाली गेला होता आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तर पहिलीच व्यावसायिक मुष्टियुद्ध लढत खेळणाऱ्या फ्रान्सिस एन्गानूने त्याला खाली बसवलं होतं. हे तीन विजय मोठे आहेत. अलीने जॉर्ज फोरमनला किन्शासामध्ये हरवण्याइतके मोठे नाहीत. तेव्हा फोरमन २५ वर्षांचा, ४० लढतींत अपराजित आणि जो फ्रेझर व केन नॉर्टन यांना प्रत्येकी दोन फेऱ्यांत चिरडून आलेला होता.

फ्रेझर-नॉर्टनवरून आठवलं. काही पत्रांत त्रैराशिक मांडलं आहे: व्लादिमिर क्लिच्कोला फ्युरीने हरवलं, फ्युरीला उसिकने दोनदा हरवलं, म्हणून उसिक क्लिच्कोपेक्षा थोर. उसिकला मीही व्लादिमिर क्लिच्कोच्या वरच धरतो, पण या वाटेने नाही. फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं, नॉर्टनने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं, फोरमनने या दोघांचा चुराडा केला, आणि त्या फोरमनला अलीने आठव्या फेरीत पाडलं. शैली एकमेकींना कशा लागू पडतात यावर लढती ठरतात. त्रैराशिक इथे चालत नाही.

किताबाच्या पट्ट्यांची संख्या हाही असाच निसरडा पुरावा. जो लुईच्या काळी हेवीवेटचा मानला जाणारा किताब एकच होता. त्याला एकत्र करायला काही उरलंच नव्हतं. आज चार संघटना आहेत, प्रत्येकीचे आव्हानवीर आणि मुदती वेगळ्या. उसिकने फ्युरीला हरवून चारही पट्टे घेतले आणि पुढच्याच महिन्यात, जून २०२४ मध्ये, त्यांतल्या आयबीएफ या संघटनेचा पट्टा सोडून दिला, कारण दुसरी फ्युरी लढत आधीच ठरलेली होती आणि संघटनेला आपला आव्हानवीर आधी हवा होता. तो पट्टा डुबॉइसकडे गेला आणि वर्षभराने उसिकने तो त्याच्याकडूनच परत घेतला. ‘दोनदा निर्विवाद विजेता’ हे शब्द खरे आहेत, पण मधल्या काळात तो कुणाकडूनही हरलेला नव्हता. म्हणून ती बिरुदं मोजण्याऐवजी माणसं मोजावीत.

माझ्या यादीतल्या वरच्या सहांविषयी. अलीबद्दल वेगळं लिहायला नको: सनी लिस्टन, फ्रेझर दोनदा, फोरमन, नॉर्टन दोनदा, आणि तेही १९६७ ते १९७० अशी ऐन पंचविशीतली साडेतीन वर्षं परवाना काढून घेतल्यामुळे गमावून. लुईच्या बाजूने काळ आणि सातत्य. डिसेंबर १९४० ते जून १९४१ मध्ये तो जवळपास दर महिन्याला किताब पणाला लावत होता. त्यांतले बरेच प्रतिस्पर्धी सामान्य होते हे खरं, पण एखादी वाईट रात्र त्याला परवडणारी नव्हती, आणि बिली कॉनविरुद्ध मागे पडूनही तेराव्या फेरीत त्याने लढत संपवली. होम्सला लोक अलीच्या सावलीत विसरतात. नॉर्टनविरुद्धची १९७८ची पंधरावी फेरी ज्याने पाहिली आहे त्याला त्याचा जॅब आणि त्याची छाती, दोन्ही कळतात. लेनॉक्स लुईसला मी चौथा धरतो ते एका ठोस कारणासाठी: ऑलिव्हर मॅककॉल आणि हासिम रहमान या दोघांनी त्याला पाडलं, दोघांनाही त्याने पुन्हा गाठून हरवलं, आणि होलीफील्ड, टायसन, विटाली क्लिच्को यांना हरवून तो निवृत्त झाला. व्यावसायिक कारकिर्दीत त्याने ज्यांच्याशी दोन हात केले त्यांतला एकही न हरवलेला राहिला नाही. टायसन तेव्हा उतरणीला लागलेला होता आणि क्लिच्कोची लढत जखमेमुळे थांबली, तेवढे गुण मी कापले आहेत. फोरमन फ्रेझर आणि नॉर्टनच्या त्या दोन लढतींसाठी आणि १९९४ मध्ये ४५व्या वर्षी मायकेल मूररला पाडण्यासाठी.

खरी कुस्ती होलीफील्ड आणि उसिक यांच्यात आहे. दोघं क्रूझरवेटहून आले, दोघंही स्वतःपेक्षा दांडग्यांशी लढले. होलीफील्डचे दहा पराभव आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक १९९९च्या पुढचे, कारण तो वेळेवर थांबला नाही. पण त्याने बस्टर डग्लस, फोरमन, होम्स, रिडिक बो, मूरर आणि टायसन यांना हरवलं, टायसनला दोनदा. यांतले फोरमन आणि होम्स चाळिशी ओलांडलेले होते, ते वजा करूनही प्रतिस्पर्ध्यांची यादी उसिकपेक्षा लांब उरते. बोबरोबरच्या तीन लढतींत तो दोन हरला; तिथे उसिकचा फ्युरीविरुद्धचा २-० हा हिशेब उजवा ठरतो. दोन्ही गट मिळून पाहिलं तर दोघांत मी फरक करणार नाही. नुसत्या हेवीवेटमध्ये होलीफील्ड एक पायरी वर.

खालच्यांत फ्रेझरला मागे ठेवताना सगळ्यांत जास्त विचार करावा लागला, कारण ८ मार्च १९७१च्या अलीविरुद्धच्या विजयाइतका मोठा एकही विजय उसिककडे नाही. पण फोरमनपुढे फ्रेझर दोनदा उभाच राहू शकला नाही. टायसन १९८६ ते १९८८ मध्ये जितका भयंकर होता तितका दुसरा कोणी क्वचितच असेल. मात्र डग्लस, होलीफील्ड, लुईस या तिघांपुढच्या कठीण रात्री तो हरला. जॅक जॉन्सनला मी यादीत घेतलेलंच नाही. १९०८ ते १९१५ची फेऱ्यांची संख्या, पंचांची पद्धत, सगळंच वेगळं; शिवाय त्या काळच्या फिती कमी वेगाने चित्रित झाल्या आणि पुढे जास्त वेगाने दाखवल्या गेल्या, त्यामुळे माणसं झटके देत उडताना दिसतात. त्या पाहून ‘हे काय कौशल्य’ असं ठरवणं अन्याय आहे.

ज्यांना हा क्रम पटत नाही त्यांनी एक करावं. फ्युरीविरुद्धची पहिली लढत समालोचनाचा आवाज बंद करून पाहावी. समालोचक ज्याचं नाव जास्त वेळा घेतो तो आपल्याला जिंकताना दिसायला लागतो. प्रत्येक फेरी संपली की मधल्या एका मिनिटात गुण लिहावेत आणि ते नंतर बदलू नयेत. बारावी फेरी पाहून तिसरीचे गुण सुधारायचा मोह होतो. फेरीच्या शेवटच्या वीस सेकंदांत वाजलेल्या ठोशांनी आधीची अडीच मिनिटं पुसली जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावं. कुणी पुढे सरकत होता म्हणून गुण द्यायचे नाहीत. सरकताना त्याला काही लागत होतं का, ते पाहायचं. माझ्या मोजणीत ती लढत ११४-११३ उसिकची येते. नंतर हीच पद्धत १९९९च्या मार्चमधल्या लुईस-होलीफील्ड लढतीला लावावी, जी पंचांनी बरोबरीत सोडवली आणि जी पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना लुईसची वाटली. मग उसिकला सातव्याऐवजी चौथा किंवा बारावा म्हणायचं असेल, तर वरच्या किंवा खालच्या नावांपैकी नेमकं कोण सरकतं आणि कोणत्या विजयामुळे, तेवढं पत्रात जरूर लिहावं.

आपला,
मुष्टियुद्धाचा एक जुना वाचक, पुणे